परतीच्या तारखेचा रकाना

गेली काही वर्षे ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पत्रकारांचे, प्राध्यापकांचे आणि कार्यकर्त्यांचे आंतरराष्ट्रीय फेलोशिपचे अर्ज मी पाठवण्यापूर्वी वाचून देते. हे काम मला कोणी नेमून दिलेले नाही. एकदा एका मैत्रिणीचा मसुदा नीटनेटका करून दिला, तिने दुसऱ्याला सांगितले आणि ते चालू राहिले. या अर्जांत एक प्रश्न जवळपास नेहमी असतो: फेलोशिप संपल्यावर तुम्ही काय कराल? बहुतेक जण त्याचे उत्तर सर्वांत शेवटी, घाईघाईने आणि इतर उत्तरांच्या मानाने फारच गुळमुळीत लिहितात. मिळालेल्या ज्ञानाचा समाजासाठी उपयोग करीन, अशा धर्तीचे एखादे वाक्य तिथे येऊन पडते. पूर्वी मी त्यातले शुद्धलेखन तपासून पुढे जात असे. आता अर्ज वाचायला घेते तीच या प्रश्नापासून, कारण लोकशाहीसाठी, संशोधनासाठी किंवा बातमीसाठी धोका पत्करणाऱ्यांना काही काळ देशाबाहेर बोलावणाऱ्या या साऱ्या योजनांचा सर्वांत अवघड भाग त्यातच दडलेला आहे, असे माझे मत होत गेले आहे.

पत्रकारांसाठीच्या फेलोशिपचा जो साचा आज जगभर दिसतो, तो हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये घडला. ‘मिलवॉकी जर्नल’ हे दैनिक सुरू करणारे लुशियस नीमन यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी ॲग्नेस वाल नीमन यांनी अमेरिकेतल्या पत्रकारितेचा दर्जा उंचावण्यासाठी मोठी रक्कम विद्यापीठाच्या नावे ठेवली होती. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी त्या पैशातून पत्रकारितेचे आणखी एक महाविद्यालय काढण्याऐवजी, प्रत्यक्ष काम करणाऱ्या बातमीदारांना वर्षभर विद्यापीठात मोकळे सोडायचे ठरवले. कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांच्याकडे या उपक्रमाची सूत्रे आली आणि पहिल्या तुकडीत नऊ जण दाखल झाले. परीक्षा नाही, पदवी नाही, हव्या त्या वर्गात जाऊन बसावे, हव्या त्या प्राध्यापकाला गाठावे, अशी ती रचना होती. रोजच्या अंकाच्या घाईत ज्याला एका विषयावर सलग आठवडाभरही वाचता येत नाही, त्याला नऊ महिने मिळणे ही काय चीज आहे, हे त्या धंद्यात राहिलेल्यालाच कळते. (घरच्यांना मात्र ते समजावून सांगता येत नाही. वर्षभर जाऊन आणलेस काय, या प्रश्नाला दाखवण्याजोगा कागद नसतो.)

या रचनेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती. बातमीदार रजा घेऊन येईल, त्याची खुर्ची कार्यालयात तशीच राहील आणि वर्ष संपले की तो तिथे परत जाऊन बसेल. अमेरिकेतल्या अमेरिकेत हे सहज जमत होते. फेलोशिपचे दार जगाला उघडले तेव्हाही हे गृहीतक तसेच राहिले, आणि ज्यांच्या बाबतीत ते खरे ठरले नाही त्यांतले एक नाव मला कधीच बाजूला ठेवता आलेले नाही.

नॅट नकासा हे दक्षिण आफ्रिकेतले कृष्णवर्णीय पत्रकार. जोहान्सबर्गच्या ‘ड्रम’ या मासिकात त्यांनी नाव मिळवले, ‘द क्लासिक’ नावाचे वाङ्मयीन नियतकालिक काढले आणि गोऱ्यांच्या मालकीच्या ‘रँड डेली मेल’मध्ये ते सदर लिहू लागले. वंशभेदाच्या राजवटीत ही गोष्ट साधी नव्हती. १९६४ मध्ये त्यांना हार्वर्डची नीमन फेलोशिप मिळाली. त्याच वृत्तपत्रातले गोरे पत्रकार ॲलिस्टर स्पार्क्स थोडेच आधी तीच फेलोशिप करून परतले होते आणि पुढे त्या वृत्तपत्राचे संपादकही झाले. नकासांना मात्र सरकारने पासपोर्ट नाकारला. त्यांच्यापुढे एकच वाट ठेवली गेली: एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडण्याचा एकतर्फी परवाना. तो घेतला की बाहेर जाता येते, पण मायदेशी परतण्याचा हक्क त्याच क्षणी संपतो. त्यांचे सहकारी लुईस न्कोसी यांनीही काही वर्षांपूर्वी याच फेलोशिपसाठी हाच परवाना घेतला होता.

नकासा हार्वर्डला गेले, वर्ष पुरे केले, आणि तुकडीतले बाकीचे लोक सामानाची बांधाबांध करून घरी जायला निघाले तेव्हा त्यांना जायला घर उरलेले नव्हते. जुलै १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. वय २८ वर्षे. त्यांचे दफन न्यूयॉर्क राज्यातच झाले. वंशभेदाची राजवट संपून वीस वर्षे झाल्यावर, २०१४ मध्ये, त्यांचे अवशेष डर्बनला आणून चेस्टरव्हिल इथे त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. त्या एका वर्षाला मी दोष देत नाही. अपराध सरळसरळ त्या राजवटीचा होता. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या माणसाला आपण निवडले तो परत जाऊ शकणार नाही, हे विमानात बसण्यापूर्वीच उघड झालेले असताना फेलोशिपचा काळ इतरांएवढाच, दोन सत्रांचाच, का राहावा? साचा माणसासाठी बदलला नाही. आजही तो फारसा बदलत नाही, असे अर्ज वाचताना वारंवार जाणवते.

विद्वानांच्या फेलोशिपची वंशावळ निराळी आहे, कारण ती मुळातच न परतणाऱ्यांसाठी सुरू झाली. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि काही आठवड्यांतच ज्यू आणि विरोधी मताच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी तीन ठिकाणी तीन संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने शैक्षणिक साहाय्य परिषद स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांनी घेतले आणि तिच्यासाठी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या सभेत आइन्स्टाइन बोलले. ‘कारा’ या नावाने ही संस्था आजही काम करते. न्यूयॉर्कमध्ये परागंदा विद्वानांसाठी आपत्कालीन समिती निघाली. पुढे नभोवाणीवरचा युद्धवार्ताहर म्हणून गाजलेला एडवर्ड मरो तेव्हा पंचविशीचा होता आणि समितीचा साहाय्यक सचिव म्हणून पत्रव्यवहार सांभाळत होता. तिसरी संस्था झ्युरिकमध्ये, फिलिप श्वार्ट्‌झ नावाच्या नोकरी गेलेल्या विकृतिशास्त्रज्ञाने काढली. त्याने तुर्की सरकारशी बोलणी केली आणि तेव्हा नव्याने उभारल्या जाणाऱ्या इस्तंबूल विद्यापीठात अनेक जर्मन प्राध्यापकांची सोय लावून दिली.

न्यूयॉर्कच्या समितीची कार्यपद्धती सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण आजच्या बहुतेक योजना अजून त्याच वाटेने जातात. समिती विद्वानाला थेट पैसे देत नसे. एखाद्या विद्यापीठाने त्याला बोलावले, तर पगाराचा काही भाग ती त्या विद्यापीठाला देई. म्हणजे संकटात असणे पुरेसे नव्हते; कोणाला तरी तुम्ही हवे असणेही गरजेचे होते. शिवाय तो महामंदीचा काळ होता. स्वतःच्या देशातल्या तरुण अध्यापकांना नोकऱ्या नसताना परदेशी तरुणांना आणले तर गहजब होईल, या भीतीने समितीने नाव कमावलेल्या, मध्यमवयीन विद्वानांना झुकते माप दिले. १९४५ पर्यंत तिच्याकडे सुमारे ६,००० जणांची प्रकरणे आली आणि प्रत्यक्ष मदत मिळाली ती त्यांतल्या ३३० च्या आसपास लोकांना. त्यांत थॉमस मान, मार्टिन बुबर, हर्बर्ट मार्क्यूझ यांच्यासारखी माणसे होती, आणि या योजनांच्या माहितीपत्रकांत त्यांचीच नावे असतात. उरलेल्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांचे काय झाले, याचा विचार करताना माहितीपत्रक मिटून ठेवावे लागते.

फिलिप श्वार्ट्‌झचे नाव पुढे एका विलक्षण वळणाने परत आले. २०१५ मध्ये जर्मनीच्या हंबोल्ट प्रतिष्ठानाने तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साहाय्याने संकटग्रस्त संशोधकांसाठी योजना सुरू केली आणि तिला त्याचे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, तुर्कस्तानातल्या हजाराहून अधिक विद्वानांनी कुर्दी भागातल्या लष्करी कारवाईविरुद्ध शांततेच्या आवाहनावर सह्या केल्या. त्यांच्यावर खटले भरले गेले, आणि जुलैतल्या फसलेल्या बंडानंतर त्यांच्यापैकी कित्येकांना सरकारी हुकमाने नोकरीतून काढण्यात आले. त्यांतले अनेक जण याच योजनेतून जर्मनीत पोहोचले. ऐंशी वर्षांपूर्वी जर्मन विद्वानांना ज्या दिशेने पाठवले गेले होते, त्याच्या बरोबर उलट दिशेने आता तुर्की विद्वान येत होते.

इथे ‘फेलोशिप’ या शब्दाबद्दल थोडे बोलायला हवे. निर्वासित आणि फेलो यांच्यात अनेकदा फरक असतो तो फक्त कागदाचा, पण तो कागद फार काही करतो. निर्वासिताला आपली असहायता सिद्ध करावी लागते आणि फेलोला आपली गुणवत्ता. निर्वासित रांगेत उभा राहतो, फेलोला निमंत्रणपत्र येते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याचे नाव, छायाचित्र आणि विषय लागतो, ग्रंथालयाचे ओळखपत्र मिळते आणि सहकारी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारतात. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झालेल्या आणि आज न्यूयॉर्कमधून चालणाऱ्या ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’ या जाळ्याने किंवा आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेच्या २००२ पासूनच्या विद्वान बचाव निधीने हा सन्मान जपला, हे मला मोलाचे वाटते. पण या सन्मानाचा एक भुर्दंडही असतो. फेलोला मुदत असते. आश्रय मागणाऱ्याचा अर्ज धोका आहे की नाही एवढ्यावर ठरायचा असतो. फेलोशिप मात्र वर्षाने किंवा दोन वर्षांनी संपते, मग धोका संपलेला असो वा नसो. कित्येक जण अठराव्या महिन्यापासून संशोधन बाजूला ठेवून पुढच्या फेलोशिपचे अर्ज लिहीत बसतात, आणि अशी तिसरी किंवा चौथी फेलोशिप करणाऱ्यांचे अर्ज मी वाचले आहेत. त्यांच्या संशोधनाचा विषय प्रत्येक अर्जात निमंत्रण देणाऱ्या संस्थेच्या आवडीप्रमाणे थोडा थोडा सरकत गेलेला स्पष्ट दिसतो.

कार्यकर्त्यांचे गणित या दोहोंपेक्षा वेगळे. प्राध्यापक आपला विषय बरोबर घेऊन जाऊ शकतो. कार्यकर्त्याचे काम माणसांत असते आणि ती माणसे मागे राहतात. त्यामुळे त्यांच्यासाठीच्या फेलोशिप मुद्दामच छोट्या ठेवलेल्या असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २००५ पासूनचा उन्हाळी कार्यक्रम तीन आठवड्यांचा, नेदरलँड्समधल्या ‘शेल्टर सिटी’ उपक्रमाचा मुक्काम साधारण तीन महिन्यांचा. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी या संस्थेने २००१ मध्ये रेगन-फॅसेल फेलोशिप सुरू केली. तिचा नेहमीचा काळ पाच महिन्यांचा. राष्ट्राध्यक्ष रेगन आणि काँग्रेस सदस्य दांते फॅसेल, म्हणजे एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, यांची नावे तिला जोडून दिली आहेत. तिच्यात चळवळीतल्या लोकांसाठी एक आणि अभ्यासकांसाठी एक अशा दोन वाटा ठेवल्या गेल्या. पाच महिन्यांत पुस्तक होत नाही. एखादा दीर्घ लेख होतो, थोडी झोप होते, आणि आपल्यासारखेच दुसऱ्या खंडातले चार लोक भेटतात. झोपेचा उल्लेख मी विनोदाने करत नाही. वर्षानुवर्षे दारावरच्या प्रत्येक थापेला दचकलेल्या माणसाला पहिले सहा आठवडे दुसरे काही सुचत नाही, असे मला एकाहून अधिक जणांनी सांगितले आहे.

या फेलोशिपमधून गेलेल्या बिर्तुकान मिदेक्सा यांची हकिकत मी अर्जदारांना सांगते. त्या इथिओपियातल्या न्यायाधीश, नंतर विरोधी पक्षाच्या नेत्या. २००५ च्या निवडणुकीनंतर त्यांना अटक झाली, जन्मठेप झाली, २००७ मध्ये माफी मिळाली, २००८ च्या अखेरीस पुन्हा अटक झाली आणि २०१० मध्ये सुटका झाली. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, रेगन-फॅसेल फेलो झाल्या, पुढे हार्वर्डमध्ये शिकल्या. पाच महिन्यांनी परतणे त्यांना शक्य नव्हतेच. देशातले वारे बदलल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या परतल्या आणि ज्या निवडणूक व्यवस्थेमुळे तुरुंगात गेल्या होत्या तिच्याच राष्ट्रीय मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. २०२१ ची निवडणूक त्यांच्या देखरेखीखाली झाली. २०२३ मध्ये त्यांनी पद सोडले. अर्जातल्या ‘परतल्यावर काय कराल’ या रकान्यात २०११ साली यातले काय लिहिता आले असते? तरी त्या काळात त्या ज्या विषयांशी झुंजत होत्या, ते उपयोगी पडले नाहीत असे कोण म्हणेल?

पैसा कोणाचा, हा प्रश्न अर्जदार क्वचितच विचारतात आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा. नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी १९८३ पासून आहे, ती बिगर-सरकारी म्हणवते आणि तिचा बहुतेक सगळा निधी अमेरिकन काँग्रेस मंजूर करते. या दोन्ही गोष्टी उघड आहेत, लपवलेल्या नाहीत. पण जुलै २०१५ मध्ये रशियाने ‘अनिष्ट संघटना’ जाहीर करण्याच्या नव्या कायद्याखाली पहिला नंबर याच संस्थेचा लावला, आणि त्या यादीतल्या संस्थेशी संबंध ठेवणे हा तिथे गुन्हा ठरतो. म्हणजे जो उल्लेख बायोडेटात अभिमानाने पहिल्या ओळीत यावा, तोच आरोपपत्रातही पहिल्या ओळीत येऊ शकतो. दुसरी बाजू २०२५ मध्ये दिसली. अमेरिकन सरकारनेच मंजूर निधी अडवून धरला आणि मार्चमध्ये या संस्थेला आपल्याच सरकारविरुद्ध न्यायालयात जावे लागले. एका राजधानीतला पैसा दुसऱ्या राजधानीत गुन्हा ठरतो आणि पहिल्या राजधानीत एका सहीने थांबतो. मधल्या मध्ये लोंबकळतो तो पाच महिन्यांचे सामान घेऊन आलेला माणूस. माझे मत असे की पैसा कुठला हे अर्जदाराने स्वतः, आधी आणि जाहीरपणे सांगावे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना ते बाहेरून कळले तर जे नुकसान होते ते कोणत्याही सरकारी कायद्यापेक्षा मोठे असते. परदेशी जाऊन आलेल्याकडे बैठकीत ज्या नजरेने पाहिले जाते, त्याची तयारी कोणताही कार्यक्रम करून देत नाही.

अर्जाच्या कामाविषयी थोडे. शिफारसपत्रासाठी मोठे नाव शोधण्यापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेला माणूस शोधावा, हे सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालते: पत्र देणारा स्वतः त्याच देशात राहणारा असेल, तर त्याच्या पत्रामुळे तो अडचणीत येईल का, हे त्याला विचारून घ्यावे. अर्जात सहकाऱ्यांची आणि बातमीच्या स्रोतांची नावे घालू नयेत. निवड समितीला ती लागत नाहीत, आणि कागद कुठून कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही. जोडीदाराचा व्हिसा, मुलांची शाळा आणि मागे राहणारे आईवडील यांच्याबद्दल नियम काय म्हणतात ते निवड झाल्यावर नव्हे, अर्ज करण्यापूर्वी वाचावे. अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक कलम आहे: सरकारी पैशातून विनिमय (एक्सचेंज) व्हिसावर, म्हणजे शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर, आलेल्या अनेकांना पुढे तिथे स्थायिक होण्यापूर्वी किंवा नोकरीचा व्हिसा घेण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. जो मायदेशी जाऊच शकत नाही, त्याला या अटीतून सूट मागण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो छळाच्या भीतीच्या आधारे करता येतो, हे मी भेटलेल्या अर्ध्याअधिक फेलोंना माहीत नव्हते.

आणि तो रकाना. मागे एका तरुण बातमीदार मुलीचा मसुदा आला होता. परतल्यावर काय करणार, याखाली तिने नेहमीचेच वाक्य लिहिले होते. मी तिला म्हटले, जे खरे वाटते ते लिही. तिने दोन दिवसांनी तीन परिच्छेद पाठवले: ठरल्या तारखेला परतता आले तर कोणते काम कुठून पुन्हा हाती घेईन, वर्षभर लांबले तर दूर राहून त्यातले काय करता येईल आणि काय सोडावे लागेल, आणि परतता आलेच नाही तर तिच्या जागी ते काम कोण करेल, त्या व्यक्तीला आत्तापासून काय शिकवून ठेवायला हवे. तिसरा परिच्छेद सर्वांत लांब होता. मुलाखतीत समितीने पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारला आणि नंतर बराच वेळ त्यावरच बोलणे झाले, असे तिने कळवले. तिथे तिची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेसाठी अर्ज करताना तिने प्रस्तावाचा विषय बदलला, शिफारसपत्रे नवी घेतली. ते तीन परिच्छेद मात्र तिने जसेच्या तसे ठेवले आहेत, आणि तिसऱ्या परिच्छेदातल्या त्या दुसऱ्या मुलीला ती आठवड्यातून दोनदा काम शिकवते आहे.